घर कोणाच्या गावी?

मुंबईत नोकरी करणारा पती आणि पुण्यात नोकरी करणारी पत्नी यांनी संसार कोठे थाटावयाचा, हा दोन पिढ्यांपूर्वी प्रश्नच नव्हता. पत्नी नोकरी सोडीत असे, किंवा मुळात ती धरीतच नसे, आणि पतीच्या गावी बिऱ्हाड होत असे. आज बँका, महाविद्यालये, इस्पितळे, संगणक कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांत काम करणाऱ्या असंख्य जोडप्यांपुढे तो लग्नाच्या बोलणीतच उभा राहतो. पत्रिका जुळते, शिक्षण जुळते, पगारही जुळतात. जुळत नाही ते एवढेच, की एकाची कचेरी फोर्टमध्ये असते आणि दुसरीचे महाविद्यालय शिवाजीनगरला. ‘लग्न होऊन जाऊ द्या, मग पाहू’ असे म्हणून दोन्हीकडची वडीलधारी मंडळी त्याला बगल देतात. लग्नानंतर तो पाहावयास घेतला जातो तेव्हा पुष्कळदा निर्णय होऊन गेलेला असतो, आणि तो नेमका कोणी केला हे कोणालाच सांगता येत नाही.

या प्रश्नाचे सर्वांत न्याय्य वाटणारे उत्तर म्हणजे मधले गाव. दोघांनी सारखा प्रवास करावा, म्हणजे कोणावरच अन्याय नाही, असा त्यामागचा सरळ विचार आहे. पुणे-मुंबईच्या बाबतीत मधले गाव म्हटले की लोणावळ्याचे नाव निघते. हवा उत्तम, गाड्या थांबतात, आणि सदनिकांच्या जाहिरातींत ‘दोन्ही शहरांच्या मध्यावर’ हे शब्द ठळक टाइपात छापलेले असतात. परंतु लोणावळा मध्यावर नाही. दोन शहरांमधला लोहमार्ग 192 किलोमीटरचा; त्यांपैकी पुण्याहून लोणावळा 64 किलोमीटर आणि तेथून मुंबई 128. खरा मध्य काढू गेल्यास तो घाटाच्या पायथ्याशी, कर्जतच्या जवळपास पडतो. आणि तेथे राहणाऱ्यांची अडचण अशी, की कर्जतहून मुंबईकडे उपनगरी गाड्या आहेत, लोणावळ्याहून पुण्याकडे लोकल आहे, पण या दोन गावांमधल्या अठ्ठावीस किलोमीटरांत लोकल नाही. बोरघाटातून 1863 साली लोहमार्ग गेला तेव्हापासून तो चढ सदतीस फुटांस एक फूट असाच आहे, आणि वर जाणाऱ्या गाडीला कर्जतला आजही मागून ढकलणारी इंजिने जोडावी लागतात. म्हणजे घाटाखाली राहणाऱ्याला पुण्यासाठी आणि घाटावर राहणाऱ्याला मुंबईसाठी लांब पल्ल्याच्या गाड्यांवरच भिस्त ठेवावी लागते. नकाशावर पट्टी ठेवून घर ठरवणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट पहिल्या पावसाळ्यात येते.

किलोमीटर सोडून तासांचा हिशेब मांडला म्हणजे चित्र अधिक स्पष्ट होते. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला निघते, तासाभराने लोणावळ्याला येते आणि साडेदहाच्या सुमारास मुंबईस पोहोचते. मुंबईला जाणाऱ्या पतीने पुण्याऐवजी लोणावळ्यास घर केले तर त्याचा जाताना एक आणि येताना एक असा दिवसाकाठी दोन तासांचा प्रवास वाचतो. पुण्यात काम करणाऱ्या पत्नीला, जिचे घर पुण्यात असते तर अर्ध्या तासात काम गाठता आले असते, लोकलचे सव्वा ते दीड तास, स्टेशनवर थांबण्याची वेळ आणि पुढची रिक्षा किंवा बस धरून दोन्ही वेळचे मिळून तीन तासांच्या वर खर्च येतो. पतीने दोन मिळवले, पत्नीने अडीच-तीन घालवले. ज्या तडजोडीला समतेची म्हणून मान्यता मिळते तिच्यात संसाराच्या खात्यावर रोज तूटच पडते. शिवाय पुण्यातल्या घराजवळ जे डॉक्टर, शाळा, नातेवाईक असतात ते लोणावळ्यास नसतात.

अर्थात मधले गाव सर्वत्रच खोटे ठरते असे नव्हे. एकाचे काम नवी मुंबईत आणि दुसऱ्याचे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत असेल तर 2002 साली पूर्ण झालेल्या द्रुतगती महामार्गामुळे पनवेल किंवा तळेगाव यांचा विचार करता येतो, आणि तो करणारी जोडपी सुखाने राहतही असतील. नाशिक-मुंबई किंवा कोल्हापूर-सांगली यांची गणिते आणखी निराळी. मुद्दा एवढाच की ‘मध्य’ हा शब्द भूगोलाचा आहे, आणि संसार घड्याळावर चालतो.

घड्याळाचे म्हणाल तर रेल्वेच्या वेळापत्रकानेही या वादात आपले मत फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. 1 जून 1930 रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून निघते आणि सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मुंबई सोडून साडेआठच्या सुमारास परत येते. राहावयाचे पुण्यात आणि काम मुंबईत, अशा माणसासाठी हे वेळापत्रक आहे. उलट मुंबईत राहून पुण्यात काम करणाऱ्यासाठी इंद्रायणी आहे. ती पहाटे साडेपाच वाजून गेल्यावर लगेच मुंबई सोडते आणि रात्री दहाच्या सुमारास तेथे परत पोहोचते. पहिल्या गाडीने जाणारा रात्रीच्या जेवणाला घरी येतो, दुसरीने जाणारा घरची मंडळी झोपावयास निघाल्यावर येतो. उपनगरात राहणाऱ्या स्त्रीने इंद्रायणी पकडावयाची म्हणजे पहाटे चारच्या आधी उठणे आले, आणि परतताना स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता रात्री साडेदहानंतर एकटीने चालणे आले. डेक्कन क्वीनच्या पासधारकांचे एक वेगळेच जग आहे. त्यांच्या डब्यात गप्पा रंगतात, सण साजरे होतात, दर 1 जूनला गाडीचा वाढदिवसही थाटात होतो. (घरातल्यांच्या वाढदिवसाला ही मंडळी वेळेवर पोहोचतात की नाही, ते त्यांच्या घरच्यांनी सांगावे.) पण हे सौहार्दही चौदा-साडेचौदा तास घराबाहेर राहण्याची किंमत देऊनच मिळालेले असते.

आणि येथेच या विषयातली खरी मेख आहे. घर एकाच्या कामाजवळ घेतले म्हणजे दुसऱ्याने प्रवास करावयाचा, एवढाच त्या निर्णयाचा अर्थ नसतो. जो घराजवळ काम करतो तो घरच होऊन बसतो. मुलाला शाळेत ताप आला की दूरध्वनी त्याला येतो. गॅसचे सिलिंडर, नळाची दुरुस्ती, सोसायटीची सभा, सासऱ्यांचा रक्तदाब, मोलकरणीची दांडी, पालकसभा ही सारी कामे आपोआप त्याच्या वाट्याला येतात, कारण दुसरा त्या वेळी खंडाळ्याच्या बोगद्यात असतो. तेव्हा प्रवास न करणाऱ्याला सुखी समजण्याची जी पद्धत पडली आहे ती तपासून पाहण्यासारखी आहे. पुण्यातल्या घरात राहून पुण्यातच नोकरी करणाऱ्या पत्नीला शेजारणी म्हणतात, ‘तुमचे बरे आहे, दहा मिनिटांवर कॉलेज!’ त्या दहा मिनिटांच्या बदल्यात तिने बढतीसाठीचे प्रशिक्षण नाकारलेले असते, परीक्षेच्या हंगामात उशिरापर्यंत थांबता येणार नाही म्हणून प्राचार्यांची नाराजी घेतलेली असते, आणि रात्री नऊला थकून आलेल्या पतीपुढे आपल्या थकव्याचा उच्चार करणेही तिला अप्रशस्त वाटत असते. तो तर दिवसाला चारशे किलोमीटर जाऊन आलेला! श्रम दिसतात ते प्रवासाचे. मोजले जातात तेही प्रवासाचेच.

हीच व्यवस्था उलटी असेल, म्हणजे घर पतीच्या कामाजवळ आणि प्रवास पत्नीला, तर समाजाची दृष्टी कशी बदलते हेही पाहण्यासारखे आहे. तेव्हा रोज घाट उतरणाऱ्या स्त्रीचे श्रम कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. डोळ्यांत भरते ते तिचे घराबाहेर असणे. मुलाला ताप आला तर शाळेचा दूरध्वनी दहा मिनिटांवरच्या बापाला न जाता दोनशे किलोमीटरवरच्या आईलाच जातो, आणि ती गाडीतून शेजारणीला, आईला, डॉक्टरला फोन करीत बसते. घर जवळ असले तरी घराची जबाबदारी अंगाला चिकटत नाही, ही सवलत पुरुषांना परंपरेने मिळाली आहे. म्हणून ‘घर बायकोच्या नोकरीजवळ घेतले, आणखी काय हवे?’ हा प्रश्न विचारणाऱ्या उदार पतीने आधी हे पाहावे, की त्याने तिला घर जवळ दिले आहे की घरकाम.

पतिपत्नींनी दोन गावी राहणे महाराष्ट्राला नवीन नाही. गिरणगावात खानावळीत जेवणारा, दहा-बाराजणांच्या खोलीत पथारी टाकणारा चाकरमानी आणि रत्नागिरीच्या खेड्यात भातशेती, गुरे व सासू-सासरे सांभाळणारी त्याची बायको ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरीच्या धाग्याने बांधलेली होती. गणपती आणि शिमगा या दोन सणांच्या आधारावर ते संसार उभे राहिले. त्यांत दुःख पुष्कळ होते, पण संदिग्धता नव्हती: घर कोकणात, मुंबई पोटासाठी. आजच्या जोडप्याच्या दोन्ही बाजूंना पोट आहे आणि दोन्ही बाजूंना आकांक्षा आहे. त्यामुळे ‘घर’ या शब्दाचा पत्ताच ठरत नाही, आणि तो ठरवण्याची रीत घालून देणारा पूर्वजही पाठीशी नाही.

न्यायालयांनाही हा प्रश्न टाळता आलेला नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची तरतूद आहे. परगावी नोकरी करणाऱ्या पत्नीविरुद्ध तिचा वापर होऊ लागला तेव्हा 1960 च्या दशकात पंजाबच्या उच्च न्यायालयाने पतीच्या छत्राखाली राहणे हे पत्नीचे पहिले कर्तव्य आहे, या जुन्या सूत्राचाच आधार घेतला होता. 1978 साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे असाच वाद आला. पत्नी पंजाबातील सुनाम येथे लग्नापूर्वीपासून शिक्षिका. पती दिल्लीत नोकरीला. न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी त्या निकालात निःसंदिग्धपणे सांगितले, की वैवाहिक घर कोठे असावे हे ठरवण्याचा एकट्या पतीला हक्क आहे असा कायदा नाही. दोघेही मिळवते असतील तर ते दोघांनी संमतीने ठरवावयाचे आहे. निकालाला इतकी वर्षे लोटली, तरी साखरपुड्याच्या बैठकीत त्याचा उल्लेख निघाल्याचे ऐकिवात नाही! पुढे 1983 मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने नववे कलमच घटनाबाह्य ठरवले आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, हा इतिहास निराळा. दिल्लीच्या निकालाचे महत्त्व असे, की त्याने प्रश्न कर्तव्याच्या प्रांतातून काढून विचाराच्या प्रांतात आणला.

तो विचार करताना न्यायालयाने दोघांच्या मिळकतीचाही विचार केला होता, आणि घरोघरी हाच निकष वापरला जातो: ज्याचा पगार मोठा त्याच्या गावी घर. वरकरणी तो निःपक्षपाती आहे. परंतु तिशीतल्या जोडप्याच्या पगारांत जो फरक दिसतो तो नेहमीच गुणवत्तेचा नसतो. बाळंतपणाच्या रजेत मागे पडलेली बढती, रात्रपाळी नको म्हणून नाकारलेली जागा, वधूचे वय वराहून कमी असावे या रिवाजामुळे कमी भरलेली नोकरीची वर्षे, हे सारे त्या फरकात मिसळलेले असते. लहान पगाराची नोकरी सोडावयाची किंवा दूर ठेवावयाची म्हटले की ती पुढे आणखी लहान होते, आणि पाच वर्षांनी तोच निकष लावला म्हणजे तेच उत्तर अधिक ठामपणे येते. पगाराच्या आकड्यांइतकेच हेही पाहावयास हवे, की कोणाची नोकरी दुसऱ्या गावी मिळण्यासारखी आहे. संगणक अभियंत्याला पुण्यातही काम मिळते आणि मुंबईतही. अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापिकेची कायम जागा एकदा सुटली की पुन्हा मिळेलच असे नाही. तिचा पगार कमी असूनही घर तिच्या गावी करणे हाच अशा वेळी व्यवहार ठरतो.

सरकारी नोकरांसाठी शासनाने काही व्यवस्था केली आहे. पतिपत्नींची नेमणूक शक्यतो एकाच ठिकाणी व्हावी असे केंद्र सरकारने 3 एप्रिल 1986 च्या आदेशात म्हटले, आणि 2009 साली त्याला अधिक बळ देताना मुले अठरा वर्षांची होईपर्यंत तरी हे कटाक्षाने पाहावे असे सांगितले. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या शिक्षकांच्या बदल्यांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे, की उन्हाळ्यात बदल्यांचा हंगाम आला म्हणजे शिक्षकांच्या घरी त्याशिवाय दुसरे बोलणे नसते. दोघांच्या शाळांतले अंतर तीस किलोमीटरांहून अधिक असेल तर ते विभक्त समजले जातात. खाजगी नोकरीत तीन-तीन तास गाडीत बसणाऱ्यांना हा आकडा हेवा वाटावा असा आहे. परंतु या आदेशांतही जुना संस्कार डोकावतोच. 2014 साली केंद्रीय अर्थखात्याने सरकारी बँकांना जी सूचना दिली ती विवाहित स्त्रियांना पतीच्या ठिकाणी नेमण्याविषयीची होती. हेतू सहानुभूतीचा होता यात शंका नाही. पण पतीने पत्नीच्या गावी बदली मागावी ही कल्पना त्या सहानुभूतीत बसलेली दिसत नाही. प्रत्यक्षात असे अर्ज करणारे पुरुष आहेत, आणि त्यांच्या कचेरीत त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले जाते ती नजर कोणत्याही परिपत्रकाने बदललेली नाही.

खाजगी क्षेत्रात तर हा प्रश्न मालकांच्या लेखी अस्तित्वातच नाही. मुलाखतीस आलेल्या स्त्रीला मात्र ‘मिस्टर कोठे असतात?’ असे आवर्जून विचारले जाते. 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली, ही चांगली गोष्ट झाली. पण ज्या आईचे काम शंभर-दीडशे किलोमीटरांवर आहे तिने वर्षाचे मूल कडेवर घेऊन सकाळच्या गाडीत चढावे काय? पाळणाघर कामाजवळ असणे आणि घराजवळ असणे यांतला फरक ज्यांनी रोजचा प्रवास केला आहे त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

मार्च 2020 मध्ये गाड्या थांबल्या आणि कचेऱ्या घरात शिरल्या, तेव्हा हा पेच कायमचा सुटला असे काही काळ वाटले होते. तसे झाले नाही. पुष्कळ कंपन्यांनी आठवड्यातून दोन-तीन दिवस हजेरी पुन्हा सुरू केली. तरीही दोन-तीन दिवस आणि सहा दिवस यांत मोठे अंतर आहे. आठवड्यातले दोनच दिवस जावयाचे असेल तर एक रात्र नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या खोलीत काढून घर दुसऱ्याच्या गावी ठेवता येते. पूर्वी जी गोष्ट केवळ फिरतीच्या अधिकाऱ्यांना शक्य होती ती आता अनेकांच्या आवाक्यात आली आहे. मात्र घरून काम करण्याचे दिवस पतीचे असोत वा पत्नीचे, त्या दिवशी कुकरची शिट्टी कोण मोजतो, यावर त्या सोयीचे मोल ठरेल. घरी बसून काम करणारी स्त्री घरीच असते असे समजले जाते, आणि घरी बसून काम करणारा पुरुष कामावर असतो.

दोन गावी दोन बिऱ्हाडे हा शेवटचा पर्याय. त्याला दोन भाडी, दोन दूधवाले आणि दोन चुली लागतात, आणि रविवारची संध्याकाळ दर आठवड्याला उदास होते. मूल होईपर्यंत तो निभतो. मूल झाल्यावर ते एका बिऱ्हाडात राहते, आणि दुसरे बिऱ्हाड पाहता पाहता वसतिगृहातल्या खोलीसारखे होते. तरीही दोन-तीन वर्षांच्या ठरावीक मुदतीसाठी, पुढे कोणी कोठे बदलून यावयाचे हे आधी बोलून ठेवून केलेली अशी व्यवस्था अनिश्चित काळ ओढलेल्या प्रवासापेक्षा पुष्कळ बरी. बोलून ठेवण्याची ही गोष्टच बहुतेक घरांत राहून जाते. घर पत्नीच्या गावी केले तर पाच वर्षांनी त्याचा पुन्हा विचार होणार आहे काय? पतीच्या गावी केले तर तिची नोकरी टिकावी म्हणून सकाळचा डबा, मुलाची शाळा आणि शाळेचा दूरध्वनी त्याने स्वीकारला आहे काय? हे प्रश्न लग्नाआधी विचारणे उद्धटपणाचे मानले जाते, आणि नंतर विचारले की भांडण होते.

या गोंधळात सर्वांत मोठी चूक घडते ती घर विकत घेण्याच्या घाईने. कर्ज वीस वर्षांचे असते. तिशीतली नोकरी पाच वर्षे तरी त्याच जागी राहील याची हमी कोणी देत नाही. ‘स्वतःचे छप्पर’ या शब्दांचा मराठी मनावर इतका पगडा आहे, की ज्या जोडप्याला आपले आयुष्य कोणत्या स्टेशनवर उतरणार हे माहीत नाही तेही आधी सदनिकेची नोंदणी करते आणि मग तिच्या गावाशी नोकऱ्या जुळवीत बसते. त्यापेक्षा ज्या गावाचा विचार असेल तेथे भाड्याने एक वर्ष काढावे, आणि त्या वर्षात एक पावसाळा यावा. 2019 च्या पावसाळ्यात घाटात दरडी कोसळल्या तेव्हा पुणे-मुंबई गाड्या कित्येक दिवस बंद राहिल्या, आणि मधल्या गावी घर करणाऱ्यांना आपण कोणत्या शहराचे, हे त्या दिवसांत कळून चुकले. जुलैतल्या एखाद्या रात्री गाडी घाटाखाली अडकलेली असताना, घरी मूल कोणापाशी आहे आणि सकाळी त्याला शाळेत कोण सोडणार आहे, याचे उत्तर ज्या गावी तयार असेल ते गाव घरासाठी पाहावे.